मराठवाड्यात होड्या कुठे आणि कशा पाहाव्यात: नाथसागरापासून अजिंठ्याच्या जहाजापर्यंत

मराठवाडा म्हटलं की टँकर, कोरड्या विहिरी आणि २०१६ साली मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेली रेल्वे आठवते. ते खोटं नाही. पण याच मुलखात भरल्यावर साडेतीनशे चौरस किलोमीटरपर्यंत पसरणारा नाथसागर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय आहे, गोदाकाठी रोज पहाटे जाळी उचलायला निघणारे भोई आहेत, आणि प्राचीन भारतातल्या जहाजाचं सगळ्यात गाजलेलं चित्रही इथेच, अजिंठ्यात आहे. इतकं असून आपल्याकडची माणसं होडी बघायला कोकणात जातात, याचं मला वाईट वाटतं. म्हणून हा लेख. होडीत बसायचा नाही, होडी बघायचा, ओळखायचा आणि समजून घ्यायचा.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. समुद्रावरची होडी ठरलेल्या बंदराला लागते. आपल्याकडची होडी मात्र धरणातल्या पाण्याच्या मागे फिरते. दिवाळीत जिथे होड्यांची रांग पाहिली तिथे मे महिन्यात टरबुजाची वाडी दिसू शकते. त्यामुळे होडी शोधायच्या आधी पाणी शोधायचं.

पहिली पायरी: साठा किती, ते बघा

धरणांचा साठा जलसंपदा विभाग रोज जाहीर करतो आणि पावसाळ्यात तर तो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर असतो. त्यातली टक्केवारी ‘जिवंत साठ्या’ची असते, हे लक्षात ठेवा. जायकवाडीची एकूण क्षमता २,९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर). त्यातला २,१७१ दलघमी जिवंत साठा, म्हणजे सोडता येणारं पाणी, आणि ७३८ दलघमी मृत साठा, म्हणजे तळाशी राहणारं पाणी. म्हणजे ‘जायकवाडी शून्य टक्क्यांवर’ अशी बातमी आली, तरी धरणात सुमारे २६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी उरलेलं असतं. मासेमारी तेव्हाही चालते. फक्त होड्या कडेच्या गावांपासून सरकून जुन्या नदीपात्राच्या खोलगट भागाकडे गेलेल्या असतात.

नाथसागर पसरट आणि उथळ आहे. पातळी थोडी जरी उतरली तरी काठ फार लांब जातो. मोकळ्या झालेल्या जमिनीवर शेतकरी गाळपेर करतात, आणि मग हरभऱ्याच्या रानातून चालत गेल्यावर पाणी लागतं. नकाशात गाव काठावर दिसतं, म्हणून गाडी घेऊन गेलं आणि समोर नुसतं रान, असं इथे सहज होतं. उपग्रहाचं चित्र भरलेल्या धरणाचं आहे की उतरलेल्या, ते नकाशा उघडतानाच बघून घ्यावं.

महिन्यांचा हिशोब साधा आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणी गावांना भिडलेलं असतं आणि होड्या जवळून दिसतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा माझ्या मते सगळ्यात चांगला काळ: हवा स्वच्छ, पाणी बऱ्यापैकी, आणि जोडीला पाहुणे पक्षी. मार्चनंतर ऊन तापतं, पण तेव्हा पाण्याखाली गेलेल्या जुन्या वस्त्यांच्या आणि देवळांच्या खुणा वर येतात, आणि काठावर पालथ्या घालून डागडुजी चाललेल्या होड्यांचे तळ बघायला मिळतात. तरंगणाऱ्या होडीचा तळ कधीच दिसत नाही, त्यामुळे ज्याला होडीची बांधणी समजून घ्यायची आहे त्याने उन्हाळ्यातली एक सकाळ जरूर द्यावी. जून-जुलैमध्ये वारा बेभरवशाचा असतो. तेव्हा पुलावरूनच पाहिलेलं बरं.

दुसरी पायरी: उभं कुठे राहायचं

पैठणपासून सुरुवात करावी. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालेलं हे धरण जवळजवळ दहा किलोमीटर लांब आहे आणि त्याला २७ दरवाजे आहेत. धरणाच्या भिंतीवर मनाला येईल तसं फिरता येत नाही, फोटोलाही मनाई असते. जिथे अडवतात तिथे वाद न घालता मागे फिरावं. भिंतीपेक्षा फुगवट्याच्या, म्हणजे भिंतीमागे साठून पसरलेल्या पाण्याच्या बाजूची गावं आपल्या कामाची.

तिथे धक्का कसा शोधायचा? धरण झालं तेव्हा जुने रस्ते पाण्याखाली गेले. त्यांची वरची टोकं अजून शाबूत आहेत. गावातून जाणारा डांबरी किंवा मुरमाचा रस्ता पुढे थेट पाण्यात शिरताना दिसला की समजायचं, इथे होड्या लागतात. उतार आयता, जमीन टणक, टेम्पो पाण्यापर्यंत येतो. मासे उतरवायला याहून सोयीचं काय असणार? दुसरी खूण वजनकाट्याची. सहकारी संस्थेचा काटा, बर्फाच्या पेट्या आणि दोन-चार मोटारसायकली सकाळी जिथे दिसतील, तिथे थोड्या वेळात होड्या येणार.

छत्रपती संभाजीनगरहून अहिल्यानगरकडे जाताना कायगाव टोक्याचा गोदावरी पूल लागतो. फुगवटा भरला असेल तर इथून होड्या चक्क वरून दिसतात: आत काय ठेवलंय, माणूस कुठे बसलाय, जाळं कुठल्या बाजूने सोडतोय. पलीकडे टोक्याला प्रवरा गोदावरीला मिळते आणि सिद्धेश्वराचं देऊळ व घाट आहे. पुलावर गाडी थांबवू नका. अलीकडे लावा आणि कडेने चालत जा.

गोदावरीच्या खालच्या अंगाला चित्र बदलतं. नांदेडजवळ विष्णुपुरीचा शंकरसागर नदीच्या पात्रातच तुंबलेला, लांब आणि अरुंद आहे. नाथसागरावर होडी क्षितिजापाशी ठिपका होऊन जाते, इथे ती सहसा दोन्ही काठांच्या नजरेत राहते. नुकतीच सुरुवात करणाऱ्याला शंकरसागर सोपा जातो. नांदेडात नगीनाघाट, गोवर्धनघाट या घाटांवर सणावाराला जीवरक्षकांच्या बोटीही दिसतात.

पूर्णा नदीवर येलदरी आणि त्याखाली सिद्धेश्वर ही धरणं आहेत. परिसर डोंगराळ, काठ चढाचे, त्यामुळे उंचावरून पाणी बघायला मिळतं. धाराशिव जिल्ह्यात नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून बांधलेला पाणीमहाल आहे. बंधाऱ्याच्या पोटात खोल्या आणि बाहेर कोसळणारं पाणी, असं बांधकाम महाराष्ट्रात दुसरं दाखवता येणार नाही. तिथे नौकाविहाराची सोय आहे, पण पाणी पुरेसं आहे का आणि होड्या चालू आहेत का, हे निघण्याआधी विचारून घ्यावं.

तिसरी पायरी: पहाट आणि उजेडाची दिशा

जाळी संध्याकाळी टाकतात आणि पहाटे उचलतात. म्हणून दिवस उजाडण्याआधी काठावर असलं पाहिजे. नऊनंतर आलात तर रिकाम्या होड्या आणि वाळत घातलेली जाळी बघून परतावं लागेल.

गोदावरी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते आणि पैठणचं धरण नाथसागराच्या पूर्व टोकाला आहे. याचा सरळ फायदा असा, की सकाळी पैठणच्या बाजूने पाण्याकडे पाहिलं तर सूर्य पाठीशी राहतो आणि होडीचा रंग, माणसाचा पेहराव, जाळ्याची तरंगती बुचं सगळं स्वच्छ दिसतं. संध्याकाळी त्याच जागेवरून फक्त काळी आकृती दिसेल. संध्याकाळसाठी पश्चिमेकडचा काठ धरा.

दुर्बीण ८×४२ ची पुरते. त्याहून जास्त वर्धनाची हातात स्थिर राहत नाही. उन्हाळ्यात दहा वाजल्यानंतर पाण्यावर हवा थरथरायला लागते आणि भारी दुर्बिणीतूनही लांबची होडी विरघळल्यासारखी दिसते. तेव्हा दुर्बीण पिशवीत टाकून काठावरच्या गोष्टी बघाव्यात.

चौथी पायरी: समोर दिसतंय ते नेमकं काय?

सगळ्यात जास्त दिसेल तो चप्पू. थर्माकोलचे जाड तुकडे एकावर एक रचून, प्लॅस्टिकच्या कापडात किंवा जुन्या जाळ्यात घट्ट बांधलेला हा तराफा. एक माणूस वर मांडी घालून किंवा पाय सोडून बसतो आणि छोट्या वल्ह्याने पाणी मागे सारतो. लांबून माणूस पाण्यावर बसल्यासारखा दिसतो, कारण चप्पूची कड पाण्याच्या वर जेमतेम वीतभर असते. चप्पू स्वस्त आहे, उचलून डोक्यावर नेता येतो आणि पाणी उतरलं की त्याच्या मागे नेणं सोपं जातं. हलणाऱ्या काठासाठी माणसाने शोधलेलं हे चोख उत्तर आहे. पण हाच चप्पू फुगवट्याजवळच्या काही वस्त्यांवर शाळेत जाणारी मुलंही वापरतात, कारण पूल नाही. ते दिसलं तर फोटोची हौस बाजूला ठेवा. ती गंमत नाही, ती पोरांची रोजची जोखीम आहे.

चप्पूसारखंच काम ट्रकच्या किंवा ट्रॅक्टरच्या ट्यूबवर होतं. लहान तलावांत, पाझर तलावांतही, ट्यूबवर बसून जाळं सोडणारा एखादा तरी दिसतो.

लाकडी होडी आता कमी होत चालली आहे. दिसली तर जवळ जाऊन बघा. आपल्याकडच्या होडीचा तळ सपाट असतो, कोकणातल्यासारखा निमुळता नाही. कारण उघड आहे: उथळ पाणी, गाळ, आणि बुडालेल्या झाडांचे बुंधे. खोल तळाची होडी इथे पावलोपावली रुतेल. फळ्यांच्या सांध्यांत भर घालून वरून डांबर फासलेलं असतं, म्हणून जुन्या होड्या काळ्याकुट्ट दिसतात. पत्र्याच्या होड्यांचा तळही असाच सपाट. त्या ओळखायच्या त्यांच्या आवाजावरून: वल्हं कडेला लागलं की टण्ण वाजतं आणि पहाटेच्या शांततेत ते खूप लांबवर ऐकू येतं.

फायबरच्या होड्या निळ्या, पांढऱ्या किंवा हिरव्या असतात आणि बऱ्याचदा त्यांच्या अंगावर योजनेचं किंवा संस्थेचं नाव रंगवलेलं असतं. ते वाचून टिपून ठेवावं. कुठल्या गावची होडी कुठवर येते, हे त्यातूनच कळतं.

शीड मात्र कुणाच्या होडीला फारसं दिसणार नाही. एखादा हुशार माणूस परतताना वारा पाठीशी असेल तर काठीला धोतर किंवा ताडपत्री बांधतो, तेवढंच.

नदीकाठच्या गावात जुनी माणसं भेटली तर काहिलीबद्दल विचारा. गूळ करायची मोठी पसरट काहील पुराच्या दिवसांत माणसं पलीकडे न्यायला वापरत. आता पूल झाले, गुऱ्हाळंही कमी झाली, त्यामुळे ती नदीत दिसणं अवघड, पण आठवणी ताज्या आहेत.

इंजिन लावलेले, पाइप जोडलेले तराफे दिसले तर ते बहुधा वाळू उपशाचे. महसूल पथकं असे तराफे जाळतात, बोटी नष्ट करतात, अशा बातम्या गोदाकाठी नेहमीच्या आहेत. तिथे दुर्बीण काढू नका, फोटो काढू नका, थांबूही नका.

पाचवी पायरी: काठावरच्या माणसांशी बोलणं

इथले बहुतेक मच्छीमार भोई समाजाचे. त्यांच्यासाठी ही कामाची घाईची वेळ असते: मासळी उतरवायची, निवडायची, काट्यावर घालायची, बर्फात लावायची. तेवढ्या वेळात मध्ये पडू नये. काम आटोपून बिडी-चहा निघाला की ‘मामा, आज काय लागलं?’ एवढं विचारलं तरी पुरतं. मग रोहू, कटला, मृगळ किती, वाम-मरळ हल्ली का दिसत नाही, चिलापीने कसा कहर केलाय, हे सगळं आपोआप येतं. तंगुसाचं (नायलॉनच्या धाग्याचं) जाळं आणि फेकायचा पाग यातला फरक हातात घेऊन दाखवतील.

वाळत घातलेल्या जाळ्यावर पाय देऊ नका, ओलांडूही नका. होडीत न विचारता चढू नका. माणसाचा फोटो विचारूनच काढा. मासे खात असाल तर तिथेच विकत घ्या आणि भावावरून घासाघीस करू नका.

सुरक्षेचं थोडं, पण ठामपणे

चप्पूवर बसू नका, कितीही आग्रह झाला तरी. मच्छीमाराचा तोल आयुष्यभराच्या सवयीचा असतो, आपला नसतो. कुठल्याही होडीत बसायचं तर जीवरक्षक जाकीट अंगात हवं. ते नसेल तर काठावरच थांबा. नाथसागराची रुंदी मोठी असल्याने दुपारी वारा सुटला की खऱ्याखुऱ्या लाटा उठतात. उतरत्या पाण्याच्या कडेचा गाळ वरून सुकलेला दिसतो आणि आत गुडघाभर पाय जातो. ज्या वाटेने मच्छीमार गेले त्याच पायवाटेने जा. धरणाच्या खाली नदीपात्रात उतरण्याआधी विसर्ग चालू आहे का ते बघा, आणि भोंगा वाजला तर सामान सोडून वर या.

जायकवाडी हे १९८६ पासून पक्षी अभयारण्यही आहे. रोहित, चक्रवाक, पट्टकदंब हंस हिवाळ्यात इथे असतात. होडी जवळ नेऊन थवे उठवणं, ड्रोन उडवणं हे करूच नये. आत जायचं असेल तर वन विभागाची परवानगी घ्यावी.

सहावी पायरी: पाण्याच्या इतर खुणा

होडी दिसली नाही तरी सकाळ वाया जात नाही. पाण्यात उभा असलेला, लांब पुलाने काठाला जोडलेला गोल मनोरा म्हणजे पाणीयोजनेची जॅकवेल. तिच्या भिंतीवर ओल्या-कोरड्या पट्ट्या दिसतात, त्यावरून पाणी किती उतरलं ते कळतं. पुलाच्या खांबांवर मोजपट्टी रंगवलेली असते, तिचा आकडा टिपा. पुढच्या खेपेला तोच आकडा बघितला की काठ का सरकला ते समजेल.

किल्ल्यांचे खंदक विसरू नका. कंधारच्या किल्ल्याभोवतीचा खंदक पाण्याने भरलेला बघण्यासारखा आहे, आणि त्याच गावाजवळ राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग समुद्र आहे. तलावालाच समुद्र म्हणण्याची ही रीत मला फार आवडते. परांडा, औसा, उदगीर इथले खंदकही बघा.

आणि बीड जिल्ह्यातलं राक्षसभुवन. १० ऑगस्ट १७६३ ला इथे पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. निजाम अली काही फौजेसह गोदावरी ओलांडून उत्तरेला गेला होता, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण काठावर राहिला, आणि पूर आलेल्या नदीमुळे पलीकडून मदत येऊ शकली नाही. विठ्ठल सुंदर मारला गेला. पावसाळ्यात तिथल्या काठावर उभं राहून पात्राची रुंदी डोळ्यांनी मोजली, की नदी उतरून जाणं म्हणजे काय होतं ते कळतं.

सातवी पायरी: भिंतीवरची जहाजं

आता इथल्या सगळ्यात मोठ्या होड्या. त्या कधीच पाण्यात उतरल्या नाहीत.

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात पूर्ण या बुद्धाच्या शिष्याच्या कथेतलं जहाज आहे, इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. कथा अशी: पूर्णाचा भाऊ चंदन आणायला समुद्रावर जातो, जहाज संकटात सापडतं आणि पूर्ण त्याला वाचवतो. चित्र बघताना घाई करू नका. तीन डोलकाठ्या आणि त्यांवरची उंच, अरुंद शिडं आधी शोधा. मग नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे या: तिथे डोळा रंगवलेला आहे. जहाजाला वाट दिसावी म्हणून नाळेवर डोळा काढायची प्रथा जगातल्या अनेक किनाऱ्यांवर होती. मागच्या बाजूला दिशा देणारी वल्ही आणि ओळीने ठेवलेले रांजण दिसतील. लांबच्या प्रवासात गोडं पाणी न्यावंच लागे.

सतराव्या लेण्यात सिंहल या व्यापाऱ्याच्या बौद्ध कथेची मोठी भिंत आहे. तिथे हत्ती, घोडे आणि भालाईत घेऊन निघालेल्या नावा आहेत. पहिल्या लेण्यात महाजनक या राजपुत्राच्या जातककथेतल्या जहाजफुटीचा प्रसंग आहे. लेण्यांत उजेड मंद असतो आणि फ्लॅशला मनाई आहे, म्हणून आत गेल्यावर डोळे सरावेपर्यंत पाच मिनिटं गप्प उभं राहा. मग रंग हळूहळू वर येतात.

संभाजीनगरच्या विद्यापीठामागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. तिथल्या सातव्या लेण्यात अवलोकितेश्वर या संकटातून वाचवणाऱ्या बोधिसत्त्वाची मोठी मूर्ती आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना चार-चार संकटं कोरली आहेत: आग, चोर, सिंह, साप, हत्ती असं करत त्यात जहाज बुडण्याचंही एक. त्या छोट्या चौकटीतली नाव बहुतेक लोक बघतच नाहीत. अजिंठ्याच्या चौथ्या लेण्यातही असंच शिल्प आहे, दोन्हींची तुलना करावी.

समुद्रापासून इतक्या लांब जहाजं कशी आली, याचं उत्तर पैठण आणि तेरमध्ये आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तेरहून कापड बैलगाड्यांनी भडोचच्या बंदरावर जात असल्याचं लिहिलं आहे. तिथून ते जहाजावर चढे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात रोमशी असलेल्या या व्यापाराच्या वस्तू बघता येतात. सातवाहनांनी, विशेषतः यज्ञश्री सातकर्णीने, दोन डोलकाठ्यांच्या जहाजाचं नाणंही पाडलं. मात्र ती नाणी मुख्यतः पूर्व किनाऱ्याकडे सापडली, पैठणच्या मातीत त्यांची अपेक्षा धरू नये.

दोन दिवसांचा बेत

पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी माझा सल्ला असा. शनिवारी पहाटे संभाजीनगरहून निघा. पैठण पन्नास किलोमीटरवर आहे, उजाडताना फुगवट्याच्या गावात पोचा. नऊपर्यंत काटा बंद होतो. मग पैठणच्या घाटावर आणि नाथांच्या समाधीला जा, ऊन उतरल्यावर कायगाव टोक्याचा पूल गाठा. रविवारी सकाळी आधी औरंगाबाद लेणी करा, कारण ती शहरालगत आहेत आणि लहान नाव बघितल्यावर मोठं जहाज जास्त समजतं. तिथून अजिंठा सुमारे शंभर किलोमीटर. रविवार-सोमवार असा बेत करू नका, सोमवारी अजिंठा बंद असतो. नळदुर्ग, तेर आणि परांडा ही धाराशिवची फेरी वेगळी ठेवा. ती पावसाळा संपता संपता करावी, बोरीला पाणी असताना.